गिरणाखोऱ्यातील अनेक ओळखी : कळवणच्या आधाराने सांस्कृतिक विविधतेचा परिचय

सांस्कृतिक ओळख म्हणजे माणूस स्वतःला कोणत्या समूहाचा मानतो आणि इतर लोक त्याला कोणत्या समूहाचा समजतात, या दोन्हींचा मेळ. भाषा, जात किंवा जमात, कुलदैवत, सण, खाणेपिणे, लग्नाच्या रीती, मर्तिकाचे विधी, गाव आणि व्यवसाय या साऱ्यांतून ती घडते. तिचा काही भाग जन्माने मिळतो आणि काही भाग शिक्षण, स्थलांतर, लग्न व राजकारण यांमुळे पुढे बदलत जातो. ज्या समाजात असे अनेक समूह एकाच बाजारात, शाळेत आणि पंचायतीत वावरतात, तो बहुसांस्कृतिक समाज होय.

बहुसांस्कृतिक समाज म्हटले की लंडन, टोरांटो किंवा मुंबई अशी महानगरे डोळ्यांपुढे येतात. महाराष्ट्रातील अनेक तालुके मात्र महानगरे उभी राहण्याच्या कितीतरी आधीपासून बहुसांस्कृतिक आहेत. नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागातील कळवण हा असाच एक तालुका. दोन-तीन तासांच्या प्रवासात येथे भाषा, पीक, देव आणि घराची बांधणी बदलते. विविधता कशी घडते, कशी टिकते आणि तिच्यात ताण कोठे निर्माण होतात, हे या तालुक्याच्या आधाराने समजून घेता येते.

भूमी आणि इतिहास

कळवणच्या पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग असून तिच्या पलीकडे सुरगाणा तालुका आणि गुजरातमधील डांग जिल्हा आहे. याच डोंगरांत गिरणा नदी उगम पावते. ती पूर्वेकडे वाहत कळवण व देवळा ओलांडते, मालेगावजवळ मोसम नदीला मिळवून घेते आणि पुढे जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. डोंगराकडच्या भागात पाऊस भरपूर पडतो, पण जमीन उताराची आहे. तेथे नागली, वरई, भात आणि उडीद ही जुनी पिके. पूर्वेकडे पाऊस कमी होत जातो, जमीन सपाट व काळी होते आणि बाजरी, मका, कांदा, डाळिंब दिसू लागतात. तालुक्यातील अभोण्याजवळ गिरणेवर ब्रिटिश काळात बांधलेले चणकापूर धरण १९११ साली पूर्ण झाले. त्याच्या पाण्याने खालच्या पट्ट्यातील शेती बदलली. डोंगर आणि मैदान यांच्यातील हा फरक येथील सांस्कृतिक विविधतेचा पाया आहे.

इतिहासात हा प्रदेश बागलाणचा भाग होता. मुल्हेर आणि साल्हेर हे किल्ले हाती असलेल्या बागुल राजांनी येथे दीर्घकाळ राज्य केले. त्यांच्या दरबारातील रुद्रकवीने १५९६ मध्ये ‘राष्ट्रौढवंश महाकाव्य’ हे संस्कृत काव्य रचले. १६३८ मध्ये औरंगजेबाने, तो दख्खनचा सुभेदार असताना, बागलाण मोगल राज्याला जोडले. सुरत बंदराला बुऱ्हाणपूर आणि दख्खनशी जोडणारे व्यापारी मार्ग याच प्रदेशातून जात. त्यामुळे सैन्याबरोबर व्यापारी, कारागीर, फकीर, गोसावी आणि भाट यांचीही ये-जा राहिली. डोंगरात राहणाऱ्या जमाती, नदीकाठचे कुणबी शेतकरी आणि वाटेवरून आलेले लोक अशा तीन प्रवाहांतून येथील समाज बनला.

आधुनिक काळात आणखी एक सीमा आली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये वेगळी झाली आणि डांग गुजरातमध्ये गेला. एकाच जमातीची, एकमेकांत सोयरीक असलेली कुटुंबे दोन राज्यांत विभागली गेली. पलीकडच्या मुलांची शाळा गुजरातीत आणि अलीकडच्या मुलांची मराठीत सुरू झाली. सोयरीक, यात्रा आणि गाणी मात्र आजही सीमा ओलांडून चालू आहेत. राज्याची हद्द आणि संस्कृतीची हद्द एक नसते, याचे हे जवळचे उदाहरण.

कोण कोण राहतात

तालुक्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या निम्म्याहून अधिक आहे आणि कळवण विधानसभा मतदारसंघ या जमातींसाठी राखीव आहे. जमातींत कोकणा, भिल्ल आणि महादेव कोळी प्रमुख आहेत. कोकणा लोक मुख्यतः शेतकरी असून कळवण, सुरगाणा, पेठपासून डांग, धरमपूरपर्यंत पसरले आहेत. भिल्लांची वस्ती डोंगरात आणि मैदानातील गावांच्या कडेलाही आहे. महादेव कोळ्यांचे नाते दक्षिणेकडे इगतपुरी, अकोले, जुन्नर या सह्याद्रीच्या पट्ट्याशी आहे.

पूर्वेकडील गावांत मराठा-कुणबी शेतकरी, माळी, धनगर, शिंपी, सुतार, लोहार, कुंभार, न्हावी अशा जाती आहेत. बाजारपेठेत मारवाडी आणि गुजराती मूळ असलेली जैन-वाणी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करतात. मुस्लिम कुटुंबांत शेतकरी, कारागीर आणि व्यापारी आहेत. गिरणेच्या खालच्या अंगाला असलेल्या मालेगावात एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकर आले आणि तेथे उर्दू बोलणारे मोठे कापडशहर वाढले. बौद्ध समाजामागे याच जिल्ह्यातील दोन मोठ्या घटनांचा वारसा आहे : १९३० मध्ये सुरू झालेला नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह आणि १९३५ ची येवल्याची घोषणा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्यात धर्मांतराचा निर्धार जाहीर केला आणि १९५६ मध्ये नागपुरात तो प्रत्यक्षात आणला. जन्माने लादलेली ओळख नाकारून नवी ओळख स्वीकारण्याचे आधुनिक भारतातील हे सर्वांत मोठे उदाहरण आहे.

या यादीतील प्रत्येक माणूस एकाच वेळी अनेक ओळखी बाळगतो. अभोण्याकडची एखादी कोकणा शिक्षिका घरी कोकणा बोलते, वर्गात प्रमाण मराठीत शिकवते आणि आठवडी बाजारात अहिराणीत भाव करते. ती जमातीने कोकणा, पेशाने शिक्षिका, राज्याने महाराष्ट्रीय आणि देशाने भारतीय असते. गड्यांशी अहिराणी बोलणारा मराठा शेतकरी नाशिकला गेला की स्वतःला कसमादेचा म्हणवतो. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या चार तालुक्यांच्या आद्याक्षरांचे हे नाव कांदा, पाणी आणि निवडणुकीच्या चर्चेत नेहमी येते. समोर कोण आहे आणि प्रसंग कोणता आहे, यावर या ओळखींपैकी कोणती पुढे येते हे ठरते.

भाषा

कळवण-बागलाण पट्ट्यात अहिराणीचा बागलाणी वळणाचा प्रकार बोलला जातो. अहिराणी मराठीच्या जवळची असली, तरी तिची घडण स्वतंत्र आहे. ‘मला’ऐवजी ‘माले’, ‘इथे’ऐवजी ‘आठे’, ‘तिथे’ऐवजी ‘तठे’, मुलाला ‘अंडोर’ आणि मुलीला ‘अंडेर’ हे प्रयोग ऐकताच बोलणारा कोठला ते कळते. तिच्यात गुजराती आणि राजस्थानी वळणाच्या खुणाही दिसतात. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केलेल्या भारतीय भाषा सर्वेक्षणात खानदेशीची, म्हणजे अहिराणी जिच्यात येते त्या भाषेची, नोंद मराठीच्या खंडात नसून भिली भाषांच्या खंडात आहे. २०११ च्या जनगणनेत खानदेशीभाषकांची संख्या १८ लाखांहून अधिक नोंदली गेली. अहिराणी घरात वाढलेले अनेक लोक मात्र मातृभाषा म्हणून मराठीच सांगतात. त्यांच्या मनात दोन्ही भाषा एकाच घरच्या असतात. नोंदवहीला एकच उत्तर हवे असते.

डोंगराकडे कोकणा भाषा आहे. नावातील साम्यामुळे ती गोव्याच्या कोकणीशी जोडली जाते, पण ती वेगळी भाषा आहे. जनगणनेच्या वर्गीकरणात ती भिली-भिलोडी गटात येते. मराठी, गुजराती आणि अहिराणी या तिन्हींशी तिचा दीर्घ संपर्क आहे. तिचे मोठे वैभव मौखिक कथनात आहे. काशाच्या थाळीवर मेण लावून त्यात काडी उभी करतात आणि त्या काडीवरून बोटे ओढून घुमणारा सूर काढतात. त्या सुरावर कथेकरी रात्रभर देवांच्या, सृष्टीच्या आणि रामकथेच्या गोष्टी गातो. कोकणा रामकथेचे प्रसंग, पात्रे आणि भूगोल डोंगरातल्या जीवनाशी जुळलेले आहेत. दक्षिण गुजरातमध्ये डाह्याभाई वाढू यांनी या कथांचे संकलन केले.

गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि राज्यातील अशा अनेक भाषांना त्यात जागा मिळाली. सटाण्याचे अभ्यासक सुधीर देवरे यांनी अहिराणी लोकपरंपरांवर लेखन केले आणि ‘ढोल’ हे अहिराणी नियतकालिक चालवले. लिखित साहित्य निर्माण झाले की बोलणाऱ्याला आपल्या भाषेची लाज वाटेनाशी होते, हा अशा प्रयत्नांचा मोठा लाभ आहे.

भाषेचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो शाळेत. पहिलीच्या वर्गात बसलेले कोकणा किंवा भिल्ल मूल पुस्तकातील मराठी प्रथमच ऐकत असते. त्याला उत्तर येत असूनही शब्द सापडत नाही आणि शिक्षकाला ते अज्ञान वाटते. घरच्या भाषेतून सुरुवात करून हळूहळू मराठीकडे नेणारा शिक्षक असला, तर तेच मूल लवकर रुळते. प्राथमिक टप्प्यावर भाषिक अल्पसंख्य मुलांना मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याची अपेक्षा संविधानाच्या ३५० क या अनुच्छेदात आहे. बोलीभाषांपर्यंत ती अजून पुरती पोहोचलेली नाही.

एक तिथी, अनेक सण

दिनदर्शिका एक असूनही सण वेगळे असू शकतात. आश्विन वद्य द्वादशीला मैदानातील घरांत वसुबारस असते आणि गाय-वासराची पूजा होते. त्याच दिवशी डोंगरातील पाड्यांवर वाघबारस साजरी होते. गुराखी मुले घरोघर धान्य गोळा करतात आणि शिवेवरच्या वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. वाघदेवाच्या लाकडी किंवा दगडी फळीवर वाघ, नाग, सूर्य, चंद्र कोरलेले असतात. दोन्ही ठिकाणी गुरांचे क्षेम मागितले जाते. रानात गुरे चारणाऱ्याला ते वाघाकडे मागावे लागते.

मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो. कोकणा, भिल्ल आणि महादेव कोळी या जमातींचा हा मोठा विधी प्रत्येक गावात दरवर्षी होतोच असे नाही. नवस आणि गावाची ऐपत पाहून तो धरला जातो. व्रत धरलेल्यांना माऊली म्हणतात. ते या काळात कडक नेम पाळतात, आसपासच्या गावांत जाऊन फेर धरून नाचतात आणि मिळालेला शिधा एकत्र करतात. पावरी हे भोपळ्याचे सुषिर वाद्य सतत वाजत असते. पौर्णिमेच्या सुमारास सारे जण ठरलेल्या डोंगरावरील गुहेपाशी रात्र जागवतात आणि गावजेवणाने सांगता होते. येथे मंदिर नाही, मूर्तीची गरज नाही. डोंगर हाच देव. धान्य, पाऊस, गुरे आणि माणसे यांचे रक्षण करणाऱ्या निसर्गाशी गावाचे नाते या विधीत नवे केले जाते.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते. नारळाला देवीचे रूप देऊन साजशृंगार करतात आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन होते. तिच्या रोटांचा प्रसाद भाऊबंदांतच खाल्ला जातो. नॉर्वेचे मानवशास्त्रज्ञ फ्रेड्रिक बार्थ यांनी १९६९ मध्ये असे मांडले की समूहाची ओळख त्याच्या सीमांवर टिकते; सीमेच्या आतील चालीरीती बदलल्या तरी ‘आपण’ आणि ‘इतर’ ही रेषा राहू शकते. रोटाचा नियम अशीच एक रेषा आखतो. विसर्जनाची मिरवणूक मात्र साऱ्या गल्लीची असते. एकाच सणात बंद दार आणि खुले अंगण दोन्ही असू शकतात.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा खानदेशाचा आवडता सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात आणि पितरांच्या नावाने घागर भरली जाते. याच दिवशी सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या कराराने राबणाऱ्या शेतमजुराचे, वर्षही संपते आणि नवा करार ठरतो. सालदारांत भिल्ल कुटुंबांचे प्रमाण मोठे राहिले आहे. शेतमालकाच्या घरी जो दिवस लेकीच्या आगमनाचा असतो, तोच दिवस सालदाराच्या घरी वर्षाची मजुरी आणि उचल यांच्या हिशेबाचा असतो. सण सर्वांचा असला, तरी सर्वांची त्यातली जागा सारखी नसते. विविधतेचे वर्णन करताना ही गोष्ट सुटली, तर ते वर्णन अपुरे राहते.

सप्तशृंगगड : सामाईक श्रद्धास्थान

तालुक्यातील नांदुरीजवळचा सप्तशृंगगड हे साऱ्या समूहांना एकत्र आणणारे ठिकाण. महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी अर्धे पीठ म्हणून तो ओळखला जातो. कड्यात कोरलेली देवीची मूर्ती सुमारे आठ फूट उंच असून तिला अठरा हात आहेत. २०२२ मध्ये मूर्तीवरील शेंदराचे जुने थर उतरवण्यात आले आणि मूळ रूप दिसू लागले. गडावर जाण्यासाठी सरदार घराण्यातील उमाबाई दाभाडे यांनी पायऱ्या बांधल्याचे सांगितले जाते. आता रोपवेसारखी फ्युनिक्युलर ट्रॉलीही आहे.

या एकाच देवीशी वेगवेगळ्या लोकांचे नाते वेगवेगळे आहे. पौराणिक परंपरेत ती महिषासुरमर्दिनी आहे आणि समोरच्या डोंगरावर बसून मार्कंडेय ऋषींनी सांगितलेले पुराण ऐकण्यासाठी तिने मान कलती केली, अशी कथा आहे. खानदेशातील अनेक कुळांची ती कुलस्वामिनी आहे. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत चालणाऱ्या यात्रेला जळगाव, धुळे, नंदुरबारकडून हजारो लोक पायी येतात. शिखरावर निशाण चढवण्याचा अवघड मान पायथ्याच्या दरेगावातील गवळी-पाटील घराण्याकडे आहे. कोजागरीला नद्यांचे पाणी घेऊन कावडी येतात. त्याच रात्री तृतीयपंथीयांचा मेळा गडावर भरतो. एरवी ज्यांना गावात मानाची जागा मिळत नाही, त्यांचा छबिना येथे लोक भक्तिभावाने पाहतात.

सामाईक स्थळ असले म्हणजे मतभेद नसतात असे नाही. दसऱ्याला गडावर बोकडबळी देण्याची जुनी प्रथा आहे. त्या वेळी मानवंदना म्हणून बंदुकीच्या फैरी झाडल्या जात. २०१६ मध्ये त्या गोळीबारात छर्रे उडून काही भाविक जखमी झाले आणि पुढच्या वर्षी प्रशासनाने गडावर बळीवर बंदी घातली. ही आपल्या परंपरेवरची गदा आहे, असे सांगत एक आदिवासी विकास संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०२२ मध्ये न्यायालयाने काही अटींवर प्रथेला परवानगी दिली. या प्रकरणात तीन मूल्ये समोरासमोर आली : समूहाचा धार्मिक रिवाज, भाविकांची सुरक्षितता आणि प्राण्यांविषयीची करुणा. तिन्हींना समाजात प्रामाणिक पाठीराखे आहेत. वाद न्यायालयात गेला, बाजू ऐकल्या गेल्या आणि अटींसह तोडगा निघाला. बहुसांस्कृतिक समाजात मतभेद संपवता येत नाहीत; ते न्याय्य रीतीने हाताळण्याची व्यवस्था मात्र उभी करता येते.

ओळख कोण ठरवते?

आपण कोण, हे समूह स्वतः सांगतो, शेजारी सांगतात आणि शासनही सांगते. ब्रिटिश जनगणनेने लोकांना जात, जमात आणि धर्म यांच्या रकान्यांत बसवले. आदिवासींचा धर्म कोणता, यावर अधिकारी आणि अभ्यासक दीर्घकाळ वाद घालत राहिले. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ च्या आपल्या ग्रंथात आदिवासींना मागासलेले हिंदू म्हटले. मानवशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी आदिवासींच्या वेगळ्या जीवनपद्धतीच्या रक्षणावर भर दिला. घुर्ये यांनी पुढे १९५७ मध्ये महादेव कोळ्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. या साऱ्या वादात आदिवासींचा स्वतःचा आवाज फारसा नव्हता.

स्वातंत्र्यानंतर अनुसूचित जमातींच्या यादीने ओळखीला कायदेशीर रूप दिले. महाराष्ट्राच्या यादीत ‘कोकणा, कोकणी, कुकणा’ अशी एकत्र नोंद आहे. शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी आणि निवडणूक यांसाठी जमातीचा दाखला आणि त्याची पडताळणी महत्त्वाची झाली. त्यामुळे वंचित समूहांना संधी मिळाली. जोडीला कोणाला यादीत घ्यावे, यावर तीव्र संघर्षही उभे राहिले. संस्कृतीची ओळख आणि हक्काची ओळख अशा रीतीने एकमेकींत गुंतल्या आहेत.

गेल्या काही दशकांत आदिवासी समाज आपली ओळख स्वतः मांडू लागला आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९९४ मध्ये घोषित केलेला ९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन आता कळवणसारख्या गावांतही साजरा होतो. मिरवणुकीत पावरी आणि संबळ वाजतात, बिरसा मुंडा आणि राघोजी भांगरे यांच्या प्रतिमा असतात. झारखंडचा मुंडा नायक आणि १८४८ मध्ये ठाण्याला फाशी गेलेला महादेव कोळी क्रांतिकारक एकाच मिरवणुकीत येतात, तेव्हा जमातीच्या ओळखीवर ‘आदिवासी’ ही व्यापक ओळख उभी राहते. शिकलेल्या तरुणांना तिचा विशेष आधार वाटतो, कारण शहरातील वसतिगृहात त्यांची गाठ इतर जमातींच्या मुलांशी पडते.

कायद्याची चौकट

वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती असलेल्या नागरिकांना ती जतन करण्याचा हक्क संविधानाचा अनुच्छेद २९ देतो. पाचवी अनुसूची आदिवासी क्षेत्रांच्या प्रशासनाची वेगळी व्यवस्था लावते आणि कळवण तालुक्यातील आदिवासी भाग या क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला परंपरा, सामूहिक साधनसंपत्ती आणि तंटे सोडवण्याची रीत जपण्याचा अधिकार दिला. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनजमिनीवरील वैयक्तिक आणि सामूहिक हक्क मान्य केले. कळवण येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय असून आश्रमशाळा आणि वसतिगृहांचा कारभार त्याच्यामार्फत चालतो.

कायदा आणि त्याची अंमलबजावणी यांत अंतर राहिले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेलेल्या किसान मोर्चात सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण या भागांतील आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते. त्यांची मुख्य मागणी कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क ही होती. सांस्कृतिक ओळखीच्या दृष्टीनेही ही मागणी महत्त्वाची आहे. डोंगर ज्याचा देव आहे, त्याच्या हातून डोंगराची जमीन गेली तर उत्सव टिकतो तो केवळ रंगमंचावर. नागली पिकवणारे शेत नसेल, तर नागलीच्या पहिल्या कणसाची पूजाही उरत नाही.

बदल आणि ताण

खरिपाची कापणी आटोपली की डोंगराकडची अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीसाठी जातात. या काळात मुलांची शाळा सुटते, गावचे उत्सव आक्रसतात. त्याच वेळी नव्या ओळखी, नवे शब्द आणि नवी कौशल्ये गावात येतात. पावरी वाजवणारे कमी होत आहेत आणि लग्नांत बँड व डीजे वाढला आहे. दुसरीकडे मोबाइलवर अहिराणी गाण्यांचा आणि आदिवासी नृत्यांच्या चित्रफितींचा प्रसार पूर्वी कधी नव्हता इतका झाला आहे. मालेगावच्या नासिर शेख यांनी २००० साली हौशी कलाकारांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट केला आणि महानगराबाहेरची बोली व विनोद पडद्यावर येऊ शकतात हे दाखवले. माध्यमे संस्कृती पुसतात तशी ती पसरवतातही. ती कोणाच्या हातात आहेत, यावर बरेच अवलंबून असते.

समूहांमधील देवाणघेवाणही एकतर्फी नाही. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी वर्णन केलेले संस्कृतीकरण, म्हणजे वरच्या मानल्या गेलेल्या जातींच्या रीती उचलणे, येथेही दिसते. काही आदिवासी कुटुंबांनी माळ घातली, मांसाहार सोडला, वारी धरली. उलट दिशेनेही प्रभाव वाहतो. नागलीची भाकरी आणि रानभाज्या आता शहरी ताटात सन्मानाने येतात. अडचण तेथे येते, जेथे पदार्थ किंवा नृत्य उचलले जाते आणि ते निर्माण करणाऱ्या माणसाला मात्र भाड्याची खोली नाकारली जाते किंवा वर्गात त्याच्या उच्चाराची टिंगल होते. संस्कृतीला मिळालेली दाद माणसाला मिळालेल्या समानतेची जागा घेऊ शकत नाही.

विविधतेकडे पाहण्याच्या रीती

जगभरात विविधतेकडे साधारणपणे तीन रीतींनी पाहिले गेले. पहिल्या रीतीत अल्पसंख्यांनी बहुसंख्यांसारखे व्हावे, अशी अपेक्षा असते. दुसरीत प्रत्येक समूहाला वेगळे ठेवून त्याचे रक्षण करावे, असे मानले जाते. तिसरीत समूहांनी आपली वैशिष्ट्ये राखून समान नागरिक म्हणून एकत्र राहावे, असे धोरण असते. कॅनडाने १९७१ मध्ये बहुसांस्कृतिकतेचे अधिकृत धोरण स्वीकारले आणि १९८८ मध्ये त्याचा कायदा केला. युनेस्कोने २००१ च्या जाहीरनाम्यात सांस्कृतिक विविधतेला मानवजातीचा सामाईक वारसा म्हटले. भारतीय संविधानाने १९५० पासूनच समान नागरिकत्व आणि समूहांचे सांस्कृतिक हक्क यांची सांगड घातली होती.

कळवणच्या उदाहरणातून या तिसऱ्या रीतीच्या काही अटी स्पष्ट होतात. मुलाची घरची भाषा शाळेने मान्य करावी लागते. सणांच्या यादीत डोंगऱ्यादेव आणि वाघबारस यांना कानबाई-आखाजीइतकेच स्थान द्यावे लागते. प्रथांवरील वादांत संबंधित समूहाचे म्हणणे ऐकून मगच निर्णय घ्यावा लागतो. समूहाच्या आतही स्त्रिया, तृतीयपंथी आणि गरीब यांचा आवाज दबला जाणार नाही हे पाहावे लागते, कारण परंपरेच्या नावाने कोणाचाही मूलभूत हक्क काढून घेता येत नाही. शेवटची आणि सर्वांत आवश्यक अट जमीन, पाणी, शिक्षण आणि मजुरी यांतील न्यायाची आहे. पोटाची विवंचना असलेल्या समूहाला आपली भाषा आणि विधी जपण्याची उसंत मिळत नाही. ज्यांच्याकडे संख्या, सत्ता आणि पाणी आहे, त्यांनी या अटी पाळण्याची जबाबदारी अधिक घ्यायला हवी. विविधता टिकवण्याचे ओझे केवळ दुर्बळ समूहांवर टाकले, तर ती टिकत नाही.